वसईच्या लढाईत पडला, पण कोणत्या वसईच्या?

दगड घडवणाऱ्याला बयाणा देऊन झाला होता. मजकूरही ठरला होता. वर पूर्वजाचं नाव, त्याखाली ‘सरदार’, त्याखाली ‘वसईच्या लढाईत धारातीर्थी पडले, इ. स. १७३९’ आणि शेवटी ‘येथे समाधिस्थ’. नावातलं एक अक्षर तेवढं लागत नव्हतं, म्हणून लालबागच्या एक आत्या आणि त्यांचा पुतण्या गेल्या जूनमध्ये माझ्याकडे दादरला आले. मी मोडी वाचतो, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते अक्षर पाच मिनिटांत लागलं. बाकीच्या तीन ओळींना मात्र सहा महिने लागले, आणि त्यातली एकही ओळ ठरली होती तशी राहिली नाही.

अशी घरं मुंबईत पुष्कळ आहेत. आजोबा गिरणीत लागले, गावाकडची पत्र्याची ट्रंक चाळीत आली, चाळीतून टॉवरमध्ये गेली. आत दोन-चार मोडी कागद, आणि कागदांपेक्षा जास्त वजनाच्या गोष्टी. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतोय. घराण्याचं आणि गावाचं नाव त्यांच्या इच्छेनुसार लिहीत नाही. गाव जुन्नर तालुक्यातलं, एवढं पुरे.

आत्यांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट अशी: मूळपुरुष पेशव्यांच्या घोडदळात सरदार होते. रामचंद्रपंतांच्या फौजेत होते. वसईच्या लढाईत पडले. त्यांना घोड्यासकट पुरलं. गावी मारुतीच्या देवळामागे त्यांची समाधी आहे, तिला शेंदूर लावतात. गावाकडच्या भाऊबंदांत हीच गोष्ट पानिपतावर गेली होती. त्याचं मला नवल वाटलं नाही. पानिपत हा आपल्याकडे फार मोठा खड्डा आहे, अठराव्या शतकात घराबाहेर पडलेला आणि परत न आलेला प्रत्येक माणूस चार पिढ्यांनी त्यात जाऊन पडतो. आत्यांच्या वडिलांनी मात्र ‘वसई’ हा शब्द सोडला नव्हता, आणि तो त्यांनी धरून ठेवला म्हणूनच पुढचं सगळं शक्य झालं.

पुतण्याने स्वतः बरीच मेहनत घेतली होती. वसईची लढाई म्हटल्यावर चिमाजी अप्पा, म्हणजे १७३९ चा मे महिना. रामचंद्रपंत कोण, हे शोधताना त्याला रामचंद्र हरी पटवर्धन सापडले, ते वसईच्या मोहिमेत होते. दोन्ही दुवे जुळले. मुलाने चुकीचं असं काहीच केलं नव्हतं. वसईची लढाई म्हटलं की कोणालाही तीच आठवेल.

ट्रंकेतला मोठा कागद मी टेबलावर पसरला. घड्यांवर विरलेला, शाई तपकिरी झालेली. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, म्हणून गावाचं आणि माणसाचं नाव एकमेकांत मिसळून जातं. दिव्याखाली कागद तिरका धरला की शाईवर बारीक चमक दिसते. शाई सुकवायला टाकलेल्या वाळूचे कण अजून चिकटलेले असतात. आत्यांना ती चमक दाखवली तेव्हा त्यांनी बोट पुढे केलं आणि न लावताच मागे घेतलं.

कागद पेशवाईतला नव्हता. इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियतीची, म्हणजे लेखी निवेदनाची, ती नक्कल होती. १८५२ च्या कायद्याने कंपनी सरकारने इनामदारांना तुमची इनामं कशी आली ते सिद्ध करा असं सांगितलं, तेव्हा गावोगावच्या लोकांनी आपापल्या कैफियती आणि वंशावळी लिहून दिल्या. घराण्याचा शोध घेणाऱ्याला यापेक्षा उपयोगी कागद क्वचित मिळतो. पण एक लक्षात ठेवावं लागतं: जमीन वाचवायला निघालेला माणूस आजोबाची किंमत वाढवूनच सांगणार. ‘सरदार’ हा शब्द या कैफियतीत पहिल्यांदा आला होता. त्यापूर्वीच्या कोणत्याही कागदात तो मला दिसला नाही.

या कैफियतीतल्या दोन गोष्टींनी मला अडवलं.

पहिली म्हणजे पिढ्या. कैफियत देणारा स्वतःला मूळपुरुषाचा नातू म्हणवतो. आणि जमीन कशाबद्दल मिळाली? तर ‘बालपरवेशी’बद्दल. लढाईत पडलेल्या शिपायाच्या अज्ञान मुलांच्या पोटासाठी सरकारातून जे चालायचं त्याला बालपरवेशी म्हणत. म्हणजे बाप पडला तेव्हा मुलगा लहान होता. आता हा मुलगा १७३९ मध्ये पाच-सहा वर्षांचा धरा, आणि त्याचा मुलगा १८५२ नंतर कचेरीत उभा राहून कैफियत देतोय असं बघा. एकशे वीस वर्षं दोन माणसांत बसवावी लागतात. होत नाही असं नाही, पण ओढून आणावं लागतं. मुलाचा जन्म १७७० च्या दशकात ठेवला की सगळं सहज बसतं.

दुसरी म्हणजे साल. कैफियतीत जुन्या सनदेचा हवाला होता, ‘सन इसन्ने समानीन मया व अलफ’. इसन्ने म्हणजे दोन, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. सन ११८२. पुतण्याला हे आधीच कोणीतरी वाचून दिलं होतं. त्याने मोबाइलवर हिजरी सनाचा हिशोब केला, उत्तर आलं १७६८. ते १७३९ शीही जमेना आणि पानिपताशीही, म्हणून नक्कल करणाऱ्याची चूक समजून त्याने ते बाजूला ठेवलं होतं.

चूक नक्कल करणाऱ्याची नव्हती. मराठी दफ्तरातला हा सन हिजरी नव्हे, सुहूर. महिने मुसलमानी, आकडे अरबी, पण वर्ष सौर. सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू होणारं, म्हणून याला मृगसालही म्हणतात. शेतकऱ्याच्या वर्षाला जुळणारं. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. हाच आकडा फसली धरला असता तर १७७२ आलं असतं. एकाच आकड्याची तीन सालं होतात, आणि कागद कोणत्या कचेरीतला आहे हे कळल्याशिवाय त्यातलं कोणतंही धरू नये. हा कागद पेशव्यांच्या सनदेचा हवाला देत होता, म्हणजे सुहूर. ११८२ म्हणजे १७८१-८२.

बालपरवेशी १७८१-८२ मध्ये लागली. बाप त्याच्या थोडा आधी पडला असणार. आणि त्याच्या थोडा आधी वसईची दुसरी लढाई झाली होती.

या दुसऱ्या लढाईची आठवण आपण फारशी ठेवली नाही, कारण ती आपण हरलो. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल गॉडर्डने १७८० च्या नोव्हेंबरात वसईला वेढा घातला. वेढ्याला आतून, म्हणजे घाटाच्या बाजूने, मराठी फौजेचा त्रास होऊ नये म्हणून कर्नल हार्टलीला पुढे उभं केलं होतं. १७७९ च्या जानेवारीत तळेगावाहून वडगावाकडे पळणाऱ्या इंग्रजी फौजेची पिछाडी ज्याने सांभाळली, तोच हा हार्टली. वसईला कुमक पोचवायला पुण्याहून जी फौज कोकणात उतरली तिचे सेनापती होते रामचंद्र गणेश कानडे. १७६९ मध्ये उत्तरेत गेलेल्या मोठ्या मोहिमेचं नेतृत्व ज्यांच्याकडे होतं, ते.

म्हणजे रामचंद्रपंत होतेच. फक्त पटवर्धन नव्हे, कानडे. चाळीस वर्षांच्या अंतराने दोन वसया आणि दोन रामचंद्रपंत, आणि आत्यांच्या घरी टिकलेले ‘वसई’ आणि ‘रामचंद्रपंत’ हे दोन्ही शब्द खरे.

लढाई वसईच्या तटाखाली झालीच नाही. ती झाली वज्रेश्वरीजवळ दुगाडला. वज्रेश्वरीचं देऊळही वसईशीच बांधलेलं आहे, चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मोहिमेत बोललेला नवस फेडला तो तिथे. दुगाडला हार्टलीने दोन टेकड्यांचा आधार घेऊन फौज उभी केली होती. मराठ्यांनी हल्ले केले, ते परतवले गेले. मग १२ डिसेंबर १७८० च्या सकाळी दाट धुक्याचा फायदा घेऊन रामचंद्र गणेश स्वतः टेकडीवर चालून गेले. अरब पायदळ आणि पेशव्यांच्या नोकरीतला नोरोन्हा नावाचा पोर्तुगीज अंमलदार बरोबर होता. हार्टलीने रातोरात त्या टेकडीवर मोर्चा बांधून तोफा चढवल्या होत्या. धुकं एकाएकी विरलं. रामचंद्र गणेश तिथेच पडले, नोरोन्हा जखमी झाला, फौज मागे हटली. ज्या वसईसाठी हे चाललं होतं ती आदल्याच दिवशी, ११ तारखेला, इंग्रजांच्या हाती गेली होती.

इथपर्यंत अंदाज होता, पुरावा नव्हता. आमच्या माणसाचं नाव त्या फौजेत दिसायला हवं होतं.

काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथल्या इंग्रजी कागदांत या मोहिमेबद्दल भरपूर लिहिलेलं आहे. आपल्या बाजूची माणसं त्यात नावानिशी शोधू नयेत. इंग्रज आपल्या गोऱ्या अंमलदारांची नावं लिहितो, आपल्याच पलटणीतल्या हिंदी शिपायांचा आकडा लिहितो, आणि समोरच्यांबद्दल ‘मोठं नुकसान’ एवढं म्हणून थांबतो. लढाईची जागा आणि दिवस मात्र त्या कागदांत नेमके मिळतात. नावासाठी पुण्याला जावं लागतं.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाईंच्या देखरेखीखाली १९३० च्या दशकात ४५ खंडांत छापले गेले. तो ढिगातला अगदी थोडा भाग आहे. छापील खंडांत सरदार भेटतात. पाच घोड्यांचा माणूस भेटत नाही. तो रुमालातच असतो, आणि तो माणसाच्या नावाने शोधून सापडत नाही.

एवढ्या वर्षांत मी शिकलेली एक गोष्ट इथे सांगतो, कारण घरोघरच्या शोधात तीच कामी येते. घोडेस्वार शोधायचा असेल तर घोडा शोधावा. मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर, म्हणजे ज्याचा घोडा सरकारी पागेतला किंवा दुसऱ्याच्या मालकीचा. आणि शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन येणारा. शिलेदाराला मोहिमेपूर्वी नालबंदीची, म्हणजे तयारीची आगाऊ, रक्कम मिळायची आणि मोहिमेत रोजमुरा, म्हणजे चालू खर्चाचे पैसे. हे पैसे देताना कारकुनाला एकच काळजी: गणतीला उभा केलेला घोडा तोच आहे ना? चांगला घोडा दाखवून भलताच लढाईला आणला नाही ना? म्हणून घोड्याचं वर्णन बारकाईने लिहीत. रंग, वय, खूण. कुमाइत, सब्जा, नुकरा, समंद, अबलख, पंचकल्याणी, अशी घोड्यांच्या रंगांची आणि खुणांची नावं. माणसाचं नाव अर्धं, बापाचं नाव असलं तर नशीब, आडनाव बहुधा नाहीच, आणि घोड्याचा मात्र कान कुठे फाटलाय तेसुद्धा. माणसं ‘आसामी’ म्हणून मोजायची, घोडी ‘रास’ म्हणून.

आमच्या हाती दोनच धागे होते, गावाचं नाव आणि रामचंद्र गणेशांचं पथक. पुतण्याने कामावरून रजा काढली आणि माझ्याबरोबर तीन खेपा केल्या. पहिल्या दोन खेपांत काही मिळालं नाही, त्याबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही. तिसऱ्या खेपेला दुपारच्या सुमाराला सन इहिदे समानीनच्या, म्हणजे ११८१ च्या, एका यादीत मौजे म्हणून आमचं गाव आलं. खाली नाव, त्यातलं ते अडलेलं अक्षर अगदी आम्ही वाचलं होतं तसंच. पुढे ‘शिलेदार, घोडी रास ५’. त्याखाली पाच राशींचा तपशील. दोन राशींपुढे ‘ठार’, दोन राशींपुढे ‘जखमी’. पाचवी कुमाइत घोडी, डावा कान फाटका, हजर. आणि आसामींच्या रकान्यात, नावापुढे, ‘ठार’.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, म्हणजे घोड्यासकट नाही पुरलं.” बरोबर होतं. तो पडला तेव्हा त्याची एक घोडी जिवंत होती आणि कारकुनाने ती मोजली होती.

लालबागला जाऊन आत्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. ‘सरदार’ गेला हे त्यांना सर्वांत लागलं. “भाऊ, माझा बाप जन्मभर सरदार सांगत आला, तो काय खोटं बोलला?” असं त्यांनी सरळ विचारलं. मी म्हटलं, त्यांनी त्यांच्या बापाकडून ऐकलेलं सांगितलं, आणि त्याच्या आधीच्याने जमीन वाचवायला लिहिलं. पण पाच घोड्यांचा शिलेदार म्हणजे काय ते ऐका. स्वतःचे पाच घोडे, एकावर आपण, चारांवर पोटाला ठेवलेली चार माणसं. त्या घोड्यांचा दाणा-वैरण, नाल, खोगीर सगळं घरचं. पैसा सरकारातून वेळेवर आला तर आला, नाहीतर सावकार. घोडा मेला की माणसाची नोकरीच गेली, कारण घोडा हेच त्याचं भांडवल. तरी हा माणूस पाचही घोडे घेऊन घाट उतरला. सरदाराकडे निदान सरंजाम, म्हणजे सरकारने लावून दिलेला मुलूख, असतो, याने स्वतःचं घर पणाला लावलं होतं. आत्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही हे त्या दिवशी कळलं नाही.

चहा झाला. पितृपक्ष नुकताच संपला होता, त्यावरून मी सहज विचारलं, या पूर्वजाचं पान तुम्ही कोणत्या तिथीला ठेवता? लढाईत शस्त्राने मेलेल्यांचं चतुर्दशीला ठेवतात म्हणून विचारलं. आत्या म्हणाल्या, “त्यांचं पितरपाटात नसतं. त्यांचं वेगळं. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी.”

मी कप खाली ठेवला. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. दुसरा दिवस म्हणजे वद्य प्रतिपदा. घरी येऊन हिशोब मांडला. १७८० मध्ये मार्गशीर्षाची पौर्णिमा ११ डिसेंबरला होती. शके १७०२, शार्वरी संवत्सर. १२ डिसेंबर, धुक्याची सकाळ, वद्य प्रतिपदा.

पुण्याच्या यादीने लढाई सांगितली होती, दिवस सांगितला नव्हता. रामचंद्र गणेशांच्या फौजेच्या त्या मोहिमेत चकमकी अनेक झाल्या, माणूस कोणत्याही दिवशी पडलेला असू शकत होता. दिवस आत्यांच्या स्वयंपाकघरात होता. सून येते, तिला सासू सांगते, ती तिच्या सुनेला सांगते. साल विसरलं गेलं, सरदार-शिलेदार विसरलं गेलं, चिमाजी अप्पा मध्ये शिरले, पण पानाचा दिवस एकानेही हलवला नाही. मला हा या प्रकरणातला सर्वांत मोठा पुरावा वाटतो आणि तो कोणत्याही दफ्तरात नाही. १७३९ ची वसई मे महिन्यात पडली, मार्गशीर्षाशी तिचा काही संबंध लागत नाही, हे पहिल्या दिवशी विचारलं असतं तर जूनमध्येच कळलं असतं. तेव्हापासून मी घराण्याचं काम घेतलं की कागदाआधी घरातल्या बायकांना तिथी विचारतो.

त्याच बोलण्यात आत्यांनी आणखी एक सांगितलं. त्या पानाशेजारी मूठभर भिजवलेले हरभरे ठेवायचे असतात. कच्चे, शिजवायचे नाहीत. का ते त्यांना माहीत नव्हतं. आईने सांगितलं म्हणून.

राहिला प्रश्न ‘येथे समाधिस्थ’चा. त्यासाठी नोव्हेंबरात गावी गेलो. मारुतीच्या देवळामागे शेंदूर लावलेला दगड होता. पुजाऱ्याची परवानगी घेऊन बाजूने पाहिला. तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, निघाला. तीन टप्पे. खाली लढाई, मधल्या टप्प्यात वीराला अप्सरा वर नेतायत, सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. पण खालच्या टप्प्यात लढणारे दोघेही पायी होते, ढाल-तलवार घेतलेले, केसांचा मागे अंबाडा बांधलेला. घोडा नाही, पागोटं नाही. ही घडण यादवकाळाच्या आसपासची, आमच्या शिलेदाराच्या चार-पाच शतकं आधीची. गावासाठी लढलेल्या दुसऱ्याच कुणाची ती आठवण. तिच्यावर आपलं नाव कोरणं म्हणजे त्याची पुसणं, हे मी स्पष्ट सांगितलं, आणि भाऊबंदांनी ते ऐकलं.

वीरगळापासून दहा पावलांवर, घाणेरीच्या झुडपात, चुन्यात बांधलेला गुडघाभर उंचीचा चौथरा होता. वर दगडी पादुका, मध्ये झिजलेली पिंडी. याच्याकडे कोणी पाहत नव्हतं, कारण शेंदूर त्या दगडाला होता. हा चौथरा पेशवाईतला वाटतो आणि घराण्याच्या जुन्या इनाम जमिनीच्या बांधावर आहे. माझ्या मते यांचं स्थान हेच.

पण देह इथे नाही. असायचं कारणही नाही. १२ डिसेंबरला सेनापती पडल्यावर फौज हटली, मैदान हार्टलीच्या हाती राहिलं. दुगाडपासून जुन्नरपर्यंत मध्ये सह्याद्री. घाव लागून पडलेल्या माणसाला त्याच्या सोबत्यांनी उचललं असेल तर जवळच्या ओढ्याकाठी अग्नी दिला असेल, नाहीतर तेही झालं नसेल. घरी देह आला नाही की आपल्याकडे पालाशविधी करतात. पळसाच्या पानांची आणि दर्भाची आकृती करायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि तिला अग्नी द्यायचा. मग चौथरा बांधायचा. ‘समाधी’ हा शब्द आपण दोन्हीला वापरतो, जिथे देह आहे तिथेही आणि जिथे फक्त आठवण आहे तिथेही. त्यामुळे पुढच्या पिढ्या खाली खणून बघायच्या गोष्टी करू लागतात.

पुतण्याने विचारलं, मग वडगावला तो इंग्रज कॅप्टन स्टुअर्ट, त्याची जागा कशी माहीत आहे? प्रश्न चांगला होता. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याला तो मारला गेला, आणि मावळातले लोक त्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हणून आजही हार-नारळ वाहतात. तो शत्रू होता, पण शूर होता, म्हणून ज्यांच्याशी लढला त्यांनीच त्याला फाकडा म्हटलं आणि जागा जपली. गावाने मनावर घेतलं तर कबर राहते. दुगाडला आमच्या शिलेदाराला ओळखणारं कोणी मागे उरलं नव्हतं.

डिसेंबरात, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही चौघं भिवंडी-वाडा रस्त्याने दुगाड फाट्यावर उतरलो. पहाटे निघालो होतो, टेकड्यांवर धुकं होतं. मी काही दाखवायला गेलो नाही, दाखवण्यासारखं तिथे काही उभं नाही. भात कापून झालेली शेतं, खुंट, कडेला पळस. आत्यांनी डबा उघडला, बांधावर केळीचं पान मांडलं, भात, वरण, पुरणपोळी, आणि शेजारी हरभरे. शेताच्या मालकाला आधी विचारलं होतं. तो चप्पल काढून बाजूला उभा राहिला.

दगडाचा मजकूर आता असा आहे: नाव. पाच घोड्यांचे शिलेदार, रामचंद्र गणेश यांचे पथक. मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा शके १७०२ रोजी दुगाड येथे पडले. यांच्या स्मरणार्थ. ‘सरदार’ काढायला आत्यांनीच सांगितलं. दगड वीरगळाला लागून नाही, चौथऱ्यासमोर बसवला.

दगड बसल्यावर काम संपलं असं धरून मी टिपणं आवरत होतो. पुण्याला दुसऱ्याच कामासाठी गेलो असताना सन इसन्नेची, म्हणजे लढाईनंतरच्या वर्षाची, यादी समोर आली. आमचं गाव. शिलेदाराच्या धाकट्या भावाचं नाव, कैफियतीतल्या वंशावळीत आहे तेच. ‘घोडी रास १. कुमाइत, डावा कान फाटका.’

संध्याकाळी पुण्याहूनच फोन केला. आत्यांनी दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे घोडी घरी आली होती.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “हरभरे तिचे होते, भाऊ.”